किल्ल्यावरचे शून्य आणि एकशे सत्त्याऐंशीचा वंश

गणपतीच्या दिवसांत पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की नया बाजारातल्या आपल्या घरांत फिरण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळची आरती आणि जेवण झाले की दुपारी बाडा आणि जयविलास, उन्हे उतरली की किल्ला. किल्ला चढताना आपल्यातले कोणीतरी हमखास सांगते, "जगातलं पहिलं शून्य आमच्या ग्वाल्हेरला आहे बरं का!" आम्हीही हे वाक्य वर्षानुवर्षे म्हणत आलो. गंमत अशी की, म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते शून्य डोळ्यांनी पाहिले आहे. आपण लष्करातली माणसे गाडीने उरवाई दरवाजाकडून वर जातो. ते देऊळ आहे पूर्वेच्या पायवाटेवर, किला गेटकडून चढताना गणेश दरवाजा ओलांडल्यावर, लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे. गाडीच्या रस्त्यावर ते लागतच नाही. ज्या उत्सवात आपण गणेशाला बोलावतो, त्याच्याच नावाच्या दरवाजापलीकडे हा ठेवा आहे आणि आपण दुसऱ्या दाराने ये-जा करतो.

यंदाच्या अंकासाठी या शून्यावर लिहायचे ठरले, तेव्हा आम्ही आधी आपले नेहमीचे वाक्य तपासायला घेतले. ते चुकीचे निघाले. वाईट वाटले, पण वाक्य बाजूला सारल्यावर जे हाती आले, ते अधिक मोलाचे वाटले. तेच पुढे मांडतो.

'पहिले' शून्य

ग्वाल्हेरच्या शिलालेखाचे साल आहे संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीचा एक शिलालेख कंबोडियात आहे. त्यावर शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३ हे साल आकड्यांत कोरलेले असून मधले शून्य एका ठिपक्याने दाखवले आहे. फ्रेंच विद्वान जॉर्ज सेदेस यांनी १९३१ साली हे जगापुढे आणले. पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितातही ठिपक्याचे शून्य आहे. त्याची काही पाने तिसऱ्या-चौथ्या शतकातली असावीत असा निष्कर्ष २०१७ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला, आणि त्यावर विद्वानांत वादही झाला. शून्य मिळवले, वजा केले किंवा त्याने गुणले तर काय होते याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच लिहून ठेवले होते. तेव्हा 'जगातले पहिले' हे बिरुद आपल्याला सोडावे लागेल. भारतात दगडावर कोरलेले, ज्याच्या सालाविषयी शंका नाही असे, गोल वर्तुळाच्या रूपातले अगदी जुने शून्य, एवढे मात्र निर्धास्त सांगता येते.

मग आपल्या शून्याचे वेगळेपण काय? ते कोणत्या कामासाठी कोरले गेले, हे पाहिले की उत्तर मिळते.

देवळाचा हिशेब

चतुर्भुज मंदिर हे एकाच खडकातून कोरलेले लहानसे विष्णुमंदिर. जुने नाव वैल्लभट्टस्वामीचे देऊळ. कनौजचा गुर्जर-प्रतिहार राजा मिहिरभोज याच्या काळात अल्ल नावाचा अधिकारी गोपाद्रीचा, म्हणजे आपल्या या किल्ल्याचा, कोटपाल होता. त्याने हे देऊळ कोरवून घेतले आणि वडील वैल्लभट्ट यांचे नाव देवाला दिले. देवळात दोन संस्कृत लेख आहेत, एक संवत ९३२ चा आणि दुसरा ९३३ चा. जर्मन विद्वान हुल्च यांनी दोन्ही वाचून 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात छापले.

पहिल्या लेखात अल्लाच्या घराण्याची माहिती आहे. हे घराणे मूळचे ग्वाल्हेरचे नव्हे. अल्लाचे पूर्वज लाटमंडलातील आनंदपूरचे, म्हणजे आजच्या गुजरातेतल्या वडनगरचे. वडील राजाच्या चाकरीत होते, मुलगा पुढे याच किल्ल्याचा रखवालदार झाला. हे वाचताना आम्ही जरा थबकलो. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ टाकला, त्याचे पुढे 'लष्कर' शहर झाले आणि आपली पणजोबा-खापरपणजोबांची पिढी कारकुनी, शिलेदारी, भिक्षुकी, शिक्षकी करत इथेच राहिली. आपल्याआधी जवळजवळ साडेनऊशे वर्षे एक घराणे असेच चाकरीच्या निमित्ताने दुरून आले होते आणि इथलेच झाले होते.

दुसरा लेख देणग्यांचा आहे. त्यात कवित्व फारसे नाही. व्यापारी व श्रेष्ठी यांच्या साक्षीने गावाने अल्लाच्या देवळांना काय दिले, त्याची ती नोंद आहे. तेल्यांनी दर घाण्यामागे दिव्यासाठी ठरावीक तेल द्यायचे. फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या. या २७० मधले आणि ५० मधले शून्य लहान वर्तुळासारखे कोरलेले आहे. आपण ज्याच्या नावाने मान ताठ करतो ते शून्य हेच. ते कोणा ज्योतिषाच्या ग्रंथात नसून माळ्यांच्या आणि तेल्यांच्या हिशेबात आहे.

आम्हाला यातच खरे मोल दिसते. दानपत्राचे आकडे पुढे भांडणतंटा होऊ नये म्हणून लिहिलेले असतात, आणि ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना ते कळत असले पाहिजेत. म्हणजे इ.स. ८७६ मध्ये या टेकडीवर शून्य ही नवलाई राहिलेली नव्हती. गवंडी, माळी, तेली यांच्या रोजच्या व्यवहारात ते मुरले होते. शोध कुठेही लागो, तो अंगवळणी पडल्याचा पुरावा आपल्या गावात आहे.

हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. तो अदमासे दीड फूट धरला तर बाग साधारण ४०५ फूट लांब आणि २८० फूट रुंद होते. क्षेत्रफळ २७० × १८७ = ५०,४९० चौरस हात, आजच्या हिशेबाने सुमारे अडीच एकर.

रिकामी जागा

शून्याचे काम काय, हे समजायला शब्द आणि अंक यांतला फरक पाहावा. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दशगुणोत्तर स्थानांची अठरा नावे दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अन्त्य, मध्य, परार्ध. या भास्कराचार्यांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला होता. त्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. खानदेशातल्या देवीच्या देवळात गणिताच्या पाठशाळेचा लेख आणि ग्वाल्हेरच्या विष्णूच्या देवळात बागेच्या मापाचा, अशी ही जोडी आहे.

शब्दांत संख्या सांगताना रिकामे स्थान गाळले तरी चालते. "दोनशे सत्तर" म्हणताना एककाचे नाव कोणी घेत नाही. अंकांत लिहिताना मात्र ती जागा धरून ठेवणारा कोणीतरी लागतो. तो उठला की २७० चे २७ होतात आणि बागेचा दहावा हिस्साच उरतो. तेच शून्य डावीकडे नेऊन बसवले, ०७२, तर त्याला काहीच किंमत राहत नाही. अंकाची किंमत तो कुठे बसला आहे यावर ठरते, ही सगळी युक्ती.

चार आकड्यांचा खेळ

आता थोडी गंमत. लेखात आकड्यांनी लिहिलेल्या चार संख्या आपल्याला मिळाल्या: साल ९३३, लांबी २७०, रुंदी १८७, माळा ५०. लहानपणी आपण "रामाला भाला मारा" उलट वाचून पाहायचो. तशाच काही संख्या उलटसुलट सारख्या असतात. त्यांना विलोम संख्या म्हणू या. खेळ असा: एखादी संख्या घ्या, ती उलटी लिहून तिच्यातच मिळवा. उत्तर विलोम आले तर थांबा, नाही तर उत्तराला पुन्हा उलटा आणि मिळवा.

५० घेतले तर ५० + ०५ = ५५. एका पायरीत काम झाले. २७० + ०७२ = ३४२, मग ३४२ + २४३ = ५८५. दोन पायऱ्या. ९३३ + ३३९ = १२७२, मग १२७२ + २७२१ = ३९९३. इथेही दोनच. राहिली रुंदी. १८७ + ७८१ = ९६८, पुढे ९६८ + ८६९ = १८३७, पुढे १८३७ + ७३८१ = ९२१८, आणि गाडी काही थांबत नाही. आम्ही जुन्या पद्धतीने, हातचे धरत, कागदावर ही बेरीज पुरी केली. १८७ चा वंश असा:

१) ९६८
२) १८३७
३) ९२१८
४) १७३४७
५) ९१७१८
६) १७३४३७
७) ९०७८०८
८) १७१६५१७
९) ८८७२६८८
१०) १७७३५४७६
११) ८५१८९२४७
१२) १५९४८७४०५
१३) ६६४२७२३५६
१४) १३१७५४४८२२
१५) ३६०२००१९५३
१६) ७१९३००४०१६
१७) १३२९७००७९३३
१८) ४७२६७०८७१६४
१९) ९३४४५१६३४३८
२०) १७६८८१३१७८७७
२१) ९५५५९४५०६५४८
२२) १८०१२००००२१०७
२३) ८८१३२०००२३१८८

तेविसाव्या पिढीत तेरा अंकी विलोम संख्या येते. दाल बाजारातल्या व्यापाऱ्याच्या भाषेत ८ लाख ८१ हजार ३२० कोटी २३ हजार १८८. भास्कराचार्यांच्या नावांनी वाचायची तर आठ महापद्म, आठ निखर्व, एक खर्व, तीन अब्ज, दोन अर्बुद, दोन अयुत, तीन सहस्र, एकशे अठ्ठ्याऐंशी. मध्ये कोटि, प्रयुत आणि लक्ष यांचे नाव निघाले नाही, कारण तिथे काही नाही. अंकांत लिहाल तर बरोबर मध्यावर तीन शून्ये बसलेली आहेत. ती नसती तर ही संख्या उभीच राहिली नसती.

हा खेळ जाणणाऱ्यांना ८९ ही संख्या चांगली ओळखीची आहे. दोन अंकी संख्यांपैकी बहुतेक सगळ्या सहा किंवा त्याहून कमी पायऱ्यांत विलोम होतात. फक्त ८९ आणि तिची उलट ९८ यांना चोवीस पायऱ्या लागतात. याचे कारण आता सांगता येईल: ८९ + ९८ = १८७! ८९ च्या पहिल्या पायरीवर आपल्या बागेची रुंदीच उभी आहे. याहून हट्टी संख्याही आहेत. १९६ ला कोट्यवधी अंकांपर्यंत संगणकाने चालवूनही ती अजून विलोम झालेली नाही, आणि कधीच होणार नाही असेही कोणी सिद्ध करू शकलेले नाही.

ताळा आणि वारसा

एवढ्या मोठ्या बेरजा बरोबर आहेत हे कसे कळावे? आपल्या आजोबांच्या पिढीला संगणक लागत नव्हता, ताळा पुरत असे. संख्येतले अंक मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत मिळवत जायचे. १८७ चे १ + ८ + ७ = १६, म्हणून ७. संख्या उलटी केली तरी अंक तेच, म्हणून उलट संख्येचाही ७. तेव्हा प्रत्येक पायरीवर हा ताळा दुप्पट होतो: ७, मग १४ चे ५, मग १० चा १, मग २, ४, ८, आणि १६ चे पुन्हा ७. दर सहा पायऱ्यांनी चक्र पुन्हा सुरू होते. तेवीस म्हणजे तीन चक्रे आणि वर पाच पायऱ्या, म्हणून शेवटी ८ यायला हवेत. आता ८८१३२०००२३१८८ चे अंक मिळवा. ४४ येतात, ४ + ४ = ८. ताळा जमला.

याहून सुंदर गोष्ट अकराची आहे. १८७ = ११ × १७. एखाद्या संख्येला ११ ने भाग जातो की नाही हे पाहायची शाळेतली रीत आठवा: एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या, त्यांतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला की भाग जातो. १८७ मध्ये कडेचे १ आणि ७ मिळून ८, मधला ८, फरक शून्य. संख्या उलटी केली तरी हा फरक बदलत नाही, फार तर उणे-अधिक होतो. म्हणून उलट संख्येलाही ११ ने भाग जातो, आणि दोघींच्या बेरजेलाही. असे करत करत वरच्या तेवीसही संख्यांना ११ ने नि:शेष भाग जातो. शेवटची मोठी संख्या म्हणजे ११ × ८०१२०००२१०८ असे घाईत लिहाल तर एक शून्य सुटेल. खरे उत्तर ८०१२००००२१०८ आहे. शून्य गाळल्याची शिक्षा इथेही लगेच मिळते.

१७ चे मात्र तसे झाले नाही. ९६८ ला १७ ने भाग जात नाही. १७ × ५७ = ९६९, एकाने हुकले. पहिल्याच पिढीत सतरा गळाला आणि शेवटच्या संख्येतही तो नाही.

आमच्या बैठकीत हे मांडले तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी हसून म्हटले, "म्हणजे आपल्यासारखंच की!" खरे आहे. घराण्याने गाव बदलले, भाषा बदलली, राज्ये उलटली, तरी काही गोष्टी प्रत्येक पिढीत आपोआप उतरल्या: दीड दिवसाचा गणपती, पुरणपोळी, गौरींची ओवाळणी. काही पहिल्याच पिढीत सुटल्या. पावकी, निमकी, अडीचकी कोणाला येते आता? मुले बाहेर "सत्तासी" म्हणतात आणि घरी "सत्त्याऐंशी" म्हणताना अडखळतात. कोणता वारसा अकरासारखा टिकतो आणि कोणता सतरासारखा गळतो, हे संख्येच्या बाबतीत आधी सांगता येते. माणसांच्या बाबतीत ते आपल्या हातात असते.

देवळालीचे मास्तर

अशा खेळांना कोणी पोरखेळ म्हणेल, म्हणून एका मराठी शिक्षकाची आठवण काढतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि पुढे १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. कोणतेही चार अंक, सगळे सारखे नसलेले, घ्यायचे, त्यांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करत राहायचे, की फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते, हा शोध त्यांचा. 'कापरेकर स्थिरांक' या नावाने तो आज जगभर ओळखला जातो. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांनाही त्यांचेच नाव आहे. इथे सहकाऱ्यांनी फारशी दखल घेतली नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात लिहिल्यावर नाव सर्वदूर गेले.

कापरेकरांचा हा ४५ आपल्या देवळातही दडलेला आहे. २७० ला नि:शेष भाग देणाऱ्या संख्या सोळा आहेत, १ पासून २७० पर्यंत. त्यांची बेरीज ७२०, म्हणून सरासरी बरोबर ४५. आणि २७० ला या सरासरीने भागले तर बरोबर ६ येतात. भागाकार असा नि:शेष होणाऱ्या संख्या फार विरळ. १, ६, २८, १४० आणि मग २७०. कोटपाल अल्लाला किंवा बाग मोजणाऱ्यांना याची कल्पना असण्याचे कारण नाही. त्यांनी जमीन मोजली आणि आकडा लिहिला, एवढेच.

म्हणून पाहुण्यांना आता आम्ही 'पहिले शून्य' म्हणणार नाही. बाहेरून आलेल्या एका घराण्याने बांधलेले देऊळ, गावाने त्याला दिलेली बाग, आणि त्या बागेच्या मापात सहज लिहिलेले शून्य, असे सांगू. यंदा विसर्जनानंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन किला गेटकडून पायी चढावे, गणेश दरवाजात नमस्कार करून चतुर्भुजाच्या देवळाशी थांबावे, अशी सूचना आहे. बरोबर वही-पेन्सिल असू द्या. मुलांनी १८७ ची बेरीज चालवावी, आजी-आजोबांनी ताळा पाहावा, आणि मोठ्याने आकडे वाचताना "सत्त्याऐंशी"च म्हणावे.

गणपती बाप्पा मोरया!